‘नववा लागला’ म्हणजे दिवस भरले असे नव्हे

श्रावण लागला की आमच्या मालवण किनाऱ्यावरच्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास येतो. तो गरोदर मुलगी विचारत नाही. तिच्या सोबत आलेली आई किंवा सासू विचारते, आणि तोही तपासणी आटोपल्यावर, चपला पायांत घालताना, सहज सुचल्यासारखा. ‘बाईनु, चवथीच्या आधी मोकळी झाली तर बरा. नववो लागलो मां, आता कसला भय?’

सिंधुदुर्गाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण. चतुर्थी हा आमच्याकडे चौकातल्या मंडपाचा नव्हे, घराचा सण. अनेक ठिकाणी मूळ घरी एकच गणपती आणि त्याच्यापुढे सारी भावकी. भावकीत मूल जन्मले की दहा दिवस सोयर, आणि सोयरात देवाला हात लावायचा नाही. म्हणजे एका सुनेची प्रसूती चतुर्थीच्या आधीच्या दहा दिवसांत झाली, तर कितीतरी घरांचा गणपती अडतो. मुंबईहून रजा टाकून आलेली माणसे, गणपतीच्या शाळेत देऊन ठेवलेला पाट, वर्षभराची वाट पाहणे, या साऱ्याचे ओझे एका बाईच्या पोटावर येते. पूर्वी ते देवावर सोपवता येत असे, कारण प्रसूती केव्हा होईल हे कोणाच्या हाती नव्हते. आता शस्त्रक्रियेची तारीख ठरवता येते. त्यामुळे ते ओझे डॉक्टरांवर आणि खरे पाहता न जन्मलेल्या बाळावर येऊन पडते.

हा लेख मी मुद्दाम आजी-आजोबांसाठी लिहीत आहे. बाळंतपणाच्या बाबतीत घरातला शेवटचा शब्द अजूनही आपलाच असतो, हे मी तीस वर्षांच्या व्यवसायात पाहिले आहे. सूनबाई माझे ऐकते, मान हलवते आणि घरी जाऊन सासूबाई सांगतील तसे करते. यात वाईट काही नाही. फक्त सासूबाईंना पूर्ण माहिती असली पाहिजे.

आपलाच जुना हिशेब

प्रथम ‘नववा लागला’ या शब्दांचा हिशेब करू. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठ महिने पूर्ण झाले की नववा लागतो. आठ महिन्यांचे दिवस साधारण 243, म्हणजे 35 आठवडेही पुरते होत नाहीत. नऊ महिने पूर्ण झाले की सुमारे 274 दिवस होतात, म्हणजे 39 आठवडे आणि एक दिवस. ‘लागला’ आणि ‘पूर्ण झाला’ यांत हे चार आठवडे आहेत, आणि साऱ्या लेखाचा मुद्दा या चार आठवड्यांतच आहे.

आपल्या पूर्वजांनी मात्र ‘नववा लागला’ असा हिशेब सांगितलेला नाही. त्यांचा शब्द होता ‘नऊ महिने नऊ दिवस’. त्याचे दिवस मोजा: 283, म्हणजे 40 आठवडे 3 दिवस. जर्मनीतील प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने जगभर जो नियम शिकवला जातो, तोही शेवटच्या पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवा असाच आहे; त्याचे 280 दिवस होतात. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये ‘पूर्ण दिवस’ या शब्दाची व्याख्या नव्याने केली. त्याआधी 37 ते 42 हे सगळेच आठवडे पूर्ण दिवसांत धरले जात. नव्या व्याख्येत 39 आठवडे पूर्ण झाल्यापासून 40 आठवडे 6 दिवसांपर्यंतच्या बाळालाच पूर्ण दिवसांचे म्हणतात. 37 आणि 38 व्या आठवड्यातले बाळ ‘लवकरचे’ ठरते. म्हणजे इतका अभ्यास करून ते जिथे पोहोचले, तिथे आपली म्हण आधीच उभी होती. मला हे समजले तेव्हा हसू आले, आणि थोडी लाजही वाटली. आपल्याच घरातला शब्द आपण अर्धवट लक्षात ठेवला होता.

37 आठवड्यांच्या आत जन्मलेले बाळ अकाली जन्मलेले. त्यातही 34 आठवडे पूर्ण झाल्यापासून 36 आठवडे 6 दिवसांपर्यंतच्या बाळांना वैद्यकशास्त्रात ‘उशिराची अकाली’ बाळे म्हणतात. नाव विचित्र आहे, पण त्यामागे कारण आहे. पूर्वी डॉक्टरही यांना ‘मुदतीजवळची’ बाळे म्हणत आणि निर्धास्त राहत. 2005 मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांची एक बैठक झाली आणि तो शब्द टाकून द्यावा असे तिथे ठरले, कारण त्या शब्दामुळेच डॉक्टर आणि नातेवाईक दोघेही गाफील राहत होते.

एक जुनी समजूत इथेच बाजूला करावी. सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, असे आपण सर्वांनी ऐकले आहे. ही केवळ खेड्यातली समजूत नाही. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते आणि तेव्हा जन्मलेले मूल वाचत नाही, असे सुश्रुतसंहितेत म्हटले आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही आठव्या महिन्याच्या मुलाविषयी अशीच भीती आहे. आज कोणत्याही नवजात अतिदक्षता विभागात विचारा: पोटात काढलेला प्रत्येक अधिक आठवडा बाळाची बाजू बळकट करतो. सातव्यापेक्षा आठवा बरा, आठव्यापेक्षा भरलेला नववा बरा.

मी गप्प बसले होते

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही. मुलगी मुंबईहून माहेरी आली होती. पहिले मूल शस्त्रक्रियेने झालेले, त्यामुळे दुसऱ्या वेळीही तसेच करायचे ठरले होते. तिने सांगितलेल्या पाळीच्या तारखेवरून दिवस चतुर्थीनंतर दहाव्या दिवशी भरत होते. 39 आठवड्यांनी शस्त्रक्रिया करावी तर गणपती घरात बसलेला असणार. सासरची मंडळी भली, मुलीची काळजी करणारी. सासूबाई माझ्याकडे आल्या आणि चतुर्थीच्या बारा दिवस आधीची तारीख घ्यावी का, असे त्यांनी विचारले. मी बोटांवर मोजले. 36 आठवडे 6 दिवस. एका दिवसाने 37 भरणार. मी म्हटले, ‘तिथल्या डॉक्टरांना विचारून पाहा.’ नको, असे म्हणाले नाही.

मुलगा झाला. वजन 2 किलो 400 ग्रॅम. जन्मताच रडला, रंग गुलाबी, सगळे खूश. चौथ्या दिवशी घरी आला. आजी शेजारणींना कौतुकाने सांगत होती, किती शहाणे बाळ आहे, रडत म्हणून नाही, नुसते झोपते. सहाव्या दिवशी मला घरी बोलावले. घराला रंग देणे चालू होते, ओटीवर मखराचे सामान पडले होते. बाळ तळपायांपर्यंत हळदीसारखे पिवळे झाले होते. टाचेवर टिचकी मारली तरी डोळे उघडत नव्हते. अंगावर प्यायचे त्याने आदल्या रात्रीपासूनच सोडले होते.

जीप करून पत्रादेवीचा नाका ओलांडून आम्ही त्याला बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात नेले. तिथे त्याचे रक्त बदलले. तो वाचला. मुंबईहून नंतर फाइल आली. तिसऱ्या महिन्यात केलेल्या पहिल्या सोनोग्राफीप्रमाणे दिवस पाळीच्या हिशेबापेक्षा एक आठवडा मागे होते. म्हणजे जन्माच्या दिवशी ते बाळ 36 आठवडे 6 दिवसांचे नव्हतेच, 35 आठवडे 6 दिवसांचे होते. दोन वर्षांचा झाला तरी तो बोलेना, तेव्हा तपासणीत कळले की दोन्ही कानांनी त्याला फार कमी ऐकू येते. आज तो होड्यांची इंजिने दुरुस्त करतो. हात इंजिनावर ठेवून नुसत्या थरथरीवरून बिघाड ओळखतो, असे लोक कौतुकाने सांगतात. मला ते कौतुक कधी नीट ऐकवत नाही.

दोष त्या कुटुंबाचा नव्हता. त्यांनी विचारले होते. उत्तर द्यायचे काम माझे होते.

मोठे दिसते, पण तयार नसते

या बाळांचा घोटाळा असा की ती दिसायला पूर्ण दिवसांच्या बाळासारखीच असतात. फार अकाली जन्मलेले, तळहाताएवढे बाळ पाहून घरातले सगळे आपोआप सावध होतात. सव्वादोन-अडीच किलोचे बाळ पाहून कोणी सावध होत नाही. पण आत काय चालले आहे ते पाहा. 35 व्या आठवड्यात मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे दोन तृतीयांश असते. उरलेला तिसरा हिस्सा शेवटच्या चार-पाच आठवड्यांत भरायचा असतो. दूध ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ मेंदूलाच घालायचा असतो, आणि तो नुकताच बसू लागलेला असतो. म्हणून हे बाळ चार घोट घेते आणि दमून झोपते. आपण म्हणतो, पोट भरले.

दूध कमी गेले की रक्तातील साखर उतरते आणि शी कमी होते. कावीळ वाढवणारा पिवळा पदार्थ बाहेर टाकण्याचे काम यकृताचे, आणि यकृतही अपुरे. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ जेव्हा उतरू लागते, तेव्हा याची चढत असते; पाचव्या ते सातव्या दिवशी ती कळसाला जाते, म्हणजे नेमकी घरी आल्यावर. त्वचेखाली चरबी थोडी, म्हणून हे बाळ लवकर गार पडते. फुप्फुसांतील पाणी पूर्ण सुकलेले नसते, आणि कळा न येता शस्त्रक्रिया झाली असेल तर ते आणखी रेंगाळते, म्हणून धाप लागते. ही सगळी संकटे प्रत्येक बाळावर येतात असे नाही. बहुतेक बाळे सुखरूप वाढतात, हेही मला सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून कोणाच्या तरी नातवाच्या आजीची झोप उडेल.

हा प्रश्न लहान नाही. 2020 मध्ये जगात सुमारे 1 कोटी 34 लाख बाळे अकाली जन्मली आणि त्यांतील 30 लाखांच्या आसपास भारतातली होती. त्यांतली बरीच बाळे फार लवकरची नव्हती, थोडक्यात चुकलेली होती.

आता दुसरी बाजू, आणि ती तितकीच महत्त्वाची. कधी कधी बाळाला लवकर बाहेर काढणे हाच बाळ-बाळंतिणीला वाचवण्याचा मार्ग असतो. रक्तदाब चढून लघवीत प्रथिने जाऊ लागली, रक्तस्राव झाला, पाणी गेले, पोटातील बाळाची वाढ थांबली, मधुमेह आटोक्यात राहिला नाही, तर डॉक्टर 36 व्या आठवड्यात, प्रसंगी त्याआधीही प्रसूती करायला सांगतात. तेव्हा ‘दिवस भरू देत’ म्हणून अडून बसू नका. वैद्यकीय कारणासाठी एक तासही दवडू नये आणि पंचांगासाठी एक दिवसही कापू नये, असे मी घरच्यांना सांगते. मुहूर्त काढून ठरवलेल्या जन्मवेळेलाही हेच लागू. आणि 37 आठवड्यांच्या आत ठरावीक अंतराने पोट दगडासारखे होत असेल, कंबर सतत भरून येत असेल, पाणी किंवा रक्त जात असेल, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, तर काढा पाजत बसू नका. गाडी बोलवा.

घरात एक डबी असते

दिवस भरू द्यायचे तर काय करावे, असे विचारणाऱ्या आजींना मी आधी एक अप्रिय गोष्ट विचारते: आपण मशेरी लावता का? बहुतेक वेळा उत्तराऐवजी पदर तोंडाशी जातो. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती हिरड्यांतून रक्तात आणि तिथून बाळापर्यंत जाते. मुंबईत 1,217 गरोदर स्त्रियांचा माग ठेवून केलेला एक अभ्यास 2004 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू तोंडात ठेवणाऱ्या स्त्रियांमध्ये मशेरी लावणाऱ्याच अधिक होत्या. त्यांच्या बाळांचे वजन सरासरीने 105 ग्रॅम कमी भरले आणि त्यांची प्रसूती सरासरी सहा दिवस आधी झाली. सहा दिवस ऐकायला थोडे वाटतात. वर सांगितलेला 36 आणि 37 आठवड्यांचा हिशेब आठवला की थोडे वाटत नाहीत. सुनेला पहिली चिमूट बहुतेक वेळा घरातल्याच डबीतून मिळते. आपली सवय सुटणे या वयात कठीण असेल, पण डबी तिच्या नजरेआड ठेवणे कठीण नाही.

बाकीचे थोडक्यात: लघवीतील जंतुसंसर्ग आणि रक्तक्षय यांवर वेळीच उपचार, रक्तदाबाची तपासणी, दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर. सातव्या महिन्यातले डोहाळजेवण जरूर करा, पण त्यासाठी तिला दिवसभर पाटावर बसवू नका.

बाळ लवकर आलेच तर

समजा, सगळी काळजी घेऊनही बाळ 35 व्या आठवड्यात आले. इथे आजी-आजोबांचे काम सुरू होते, आणि ते कोणत्याही यंत्राच्या तोडीचे आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. या स्त्रियांनी घरोघरी जाऊन बाळाची ऊब, आईचे दूध आणि जंतुसंसर्गाची वेळीच ओळख यांकडे लक्ष दिले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. हे 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. आज आपल्या दारी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, ती पद्धत याच कामातून आली. त्यांना ओटीवरून परत पाठवू नका. बाळ उघडून दाखवा.

ऊब देण्याचा उत्तम उपाय म्हणजे उघड्या छातीवर बाळ घेणे, ज्याला कांगारू पद्धत म्हणतात. 1970 च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियाच्या बोगोटा शहरात काचपेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी ती सुरू केली. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालून दोन स्तनांच्या मधोमध उभे धरायचे, मान एका बाजूला, नाक मोकळे, वरून शाल. आई दमली तर बाबा, नाहीतर आजी. आजोबांनाही मनाई नाही. फक्त ताप-खोकला असलेल्या माणसाने बाळाला घेऊ नये.

दूध दर दोन ते अडीच तासांनी, रात्रीसुद्धा, आणि झोपले असेल तर उठवून. झोपलेल्या बाळाला उठवू नये हा नियम या बाळांना लावू नका. ओढण्याचे बळ नसेल तर आईचे दूध हाताने काढून, उकळून घेतलेल्या वाटी-चमच्याने पाजा. बाटली नको. मध, गुळाचे पाणी, गुटी यांपैकी काहीच नको. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी केली, ती अशाच लहानग्यांना दुसऱ्या आईचे का होईना, पण आईचेच दूध मिळावे म्हणून. आपल्या घरी तर आई समोर आहे.

पहिल्या आठवड्यांत न्हाऊ-माखू घालण्याची घाई करू नका. बाळाची आई आणि डॉक्टर मिळून दिवस ठरवतील. दार-खिडक्या लावून निखाऱ्यांवर ओवा-शेपांची धुरी देण्याची आपली जुनी रीत या बाळांसाठी खरोखर घातक आहे. कोळशाच्या वायूला वासही नसतो.

रुग्णालयातून दोन दिवसांच्या आत घरी यायची घाई नको, आणि घरी आल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा तपासणीला न्या. दिवसाच्या उजेडात छाती आणि तळपाय दाबून पिवळेपणा पाहा. कोवळ्या उन्हात धरणे हा त्यावरचा उपचार नाही. पिवळेपणा पोटाखाली उतरला, बाळ पिईना, उठवून उठेना, तळपाय गार पडले, श्वास मिनिटाला 60 हून जास्त झाले किंवा बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. 102 किंवा 108 ला फोन करा. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, तिकडे निघा. वाटेत बाळ छातीवरच राहू द्या.

पुढच्या काळासाठी एक विनंती. पाच आठवडे आधी आलेल्या नातवाने शेजारच्या बाळापेक्षा मान उशिरा धरली तर आईला बोल लावू नका. त्याचे वय जन्मतारखेवरून नव्हे, दिवस भरायच्या तारखेवरून मोजायचे असते. दोन वर्षांपर्यंत हा हिशेब चालतो. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. आणि कानांची तपासणी चुकवू नका.

गेल्या वर्षी पुन्हा एक सासूबाई तोच प्रश्न घेऊन आल्या. या वेळी मी कॅलेंडर भिंतीवरून काढून टेबलावर ठेवले आणि त्यांच्याच बोटाने दिवस मोजून घेतले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, भटजींना विचारते. घरोघरच्या रीती निराळ्या, पण परगोत्रातल्या माणसाकडून पूजा करून घेण्याची वाट निघाली. गौरी आल्या त्याच दिवशी नात झाली, 39 आठवडे पूर्ण, 2 किलो 900 ग्रॅम. तिचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू येत होता.

या चतुर्थीला ज्यांची लेक-सून दिवस भरत आलेली, मुंबई-पुण्याहून कोकण रेल्वेने कुडाळला किंवा कणकवलीला उतरणार असेल, त्यांनी आज रात्री तिला एक फोन करावा. तिसऱ्या महिन्यात केलेल्या पहिल्या सोनोग्राफीचा कागद शोधून ठेवायला सांगावे. दिवसांचा खरा हिशेब त्याच कागदावर असतो. शेवटच्या महिन्यातली सोनोग्राफी दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा चुकू शकते. आणि तो कागद तिने मोठ्या बॅगेत नव्हे, हातातल्या पर्समध्ये ठेवावा.